ब्रेटवाल्डा म्हणजे सम्राट का?

प्रश्न असा आलाय की जुन्या इंग्लंडवर मराठीत लेख करताना 'ब्रेटवाल्डा' (तेव्हाच्या अनेक छोट्या राज्यांच्या राजांमधे जो बाकीच्यांवर वरचढ, त्याच्यासाठीचा जुना इंग्रजी शब्द) या शब्दाशी गाडी अडली, तिथे सम्राट लिहू, चक्रवर्ती लिहू की महाराजाधिराज, आणि मुळात हे पद होतं का.

माझ्या मते तिन्ही नको. सम्राट म्हटलं की वाचकाच्या डोळ्यापुढे राजधानी, सिंहासन, अभिषेक असं सगळं येतं आणि इथे त्यातलं काहीच नाहीये. शिवाजी महाराज १६७४ला विधिवत छत्रपती झाले, तसं कोणी 'आजपासून ब्रेटवाल्डा' झाल्याची एकही नोंद नाही.

आधी शब्द बघू. 'वाल्डा' म्हणजे सत्ता चालवणारा, यात वाद नाही, वेल्शमधला 'ग्वलाद' (देश) आणि त्यावरून आलेला 'ग्वलेदिग' (राज्यकर्ता) हे त्याचेच लांबचे भाऊ. भांडण आहे ते पहिल्या अर्ध्या भागावर. 'ब्रेट' म्हणजे ब्रिटन धरलं तर 'ब्रिटनचा स्वामी', पण अँग्लो-सॅक्सन बखरीच्या (जुन्या इंग्रजीतल्या सालवार नोंदी) दुसऱ्या प्रतींमधे त्याच जागी 'ब्रितेनवाल्डा' छापाची रूपं आहेत आणि 'ब्रितेन' या विशेषणाचा अर्थ नुसता विस्तीर्ण, म्हणजे मग 'मोठ्या मुलखाचा धनी' एवढंच उरतं. ही बखर वेसेक्समधे (दक्षिणेतलं एक राज्य) नवव्या शतकाच्या शेवटी जुळवली गेली आणि हा शब्द येतो तो एगबर्ट या वेसेक्सच्याच राजाच्या कौतुकात, ८२९च्या नोंदीत (बखरीत साल ८२७ पडलंय). एगबर्टने मर्सिया हे शेजारचं राज्य जिंकलं म्हणून तो आठवा ब्रेटवाल्डा. आणि गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी मर्सियाचा विगलाफ परत गादीवर!

आधीचे सात कुठून आले? तर बीडकडून (हा जॅरोच्या मठातला साधू, आपल्या बीडशी काही संबंध नाही). त्याने ७३१ साली पूर्ण केलेल्या लॅटिन इतिहासात हंबर नदीच्या (उत्तरेतलं नॉर्थम्ब्रिया आणि दक्षिणेतली राज्यं यांच्यामधली सीमा) दक्षिणेला वर्चस्व असलेले सात राजे दिलेत: ससेक्सचा एला, वेसेक्सचा केऑलिन, केंटचा एथलबर्ट, ईस्ट अँग्लियाचा रेडवाल्ड आणि मग एडविन, ऑस्वाल्ड, ऑस्विऊ हे तिघे नॉर्थम्ब्रियाचे. बीड स्वतः नॉर्थम्ब्रियाचा, हे लक्षात ठेवा. त्याने वापरलेला शब्द 'इम्पेरियम' (लॅटिनमधे अधिसत्ता), ब्रेटवाल्डा नव्हे. यादीत मर्सियाचा एकही माणूस नाही, आणि तोच बीड पुस्तकाच्या शेवटी शेवटी लिहितो की हंबरपर्यंतची सगळी राज्यं सध्या मर्सियाच्या एथलबाल्डच्या ताब्यात आहेत! ७३६च्या एका दानपत्रात तर हा एथलबाल्ड साक्षीदारांच्या यादीत थेट 'ब्रिटनचा राजा' म्हणून येतो. म्हणजे यादीत कोण बसणार हे यादी करणाऱ्यावर होतं.

वर्चस्व म्हणजे प्रत्यक्षात काय ते एडविननंतरच्या वीस-बावीस वर्षांत नीट दिसतं. एडविनने वेल्श राजांवरही दाब बसवला होता, अँगलसी बेट घेतलं होतं, त्यामुळे ग्विनेद या वेल्श राज्याचा राजा कॅडवॉलन पेटलेला, त्याने मर्सियाचा राजा पेंडा याच्याशी हातमिळवणी केली आणि ६३३ला हॅटफिल्डच्या लढाईत एडविनला उडवलं. यात कॅडवॉलन ख्रिश्चन, पेंडा जुन्या देवांचा, एक केल्टिक (म्हणजे वेल्श) एक सॅक्सन (म्हणजे इंग्लिश) बाजूचा, पण शत्रू एक म्हटल्यावर बाकी कोण बघतो. (शाळेतल्या 'केल्ट विरुद्ध सॅक्सन' या चित्रात ही युती बसतच नाही.) वर्षभरात ऑस्वाल्डने कॅडवॉलनला मारलं, ६४२ला पेंडाने ऑस्वाल्डला मारून त्याचं डोकं आणि हात खांबांवर टांगले, ते काढून आणायला भाऊ ऑस्विऊला वर्षाने फौज घेऊन जावं लागलं. पुढे ऑस्विऊचा मुलगा एगफ्रिथ पेंडाच्या राणीकडे ओलीस, आणि पेंडाला परत पाठवायला ऑस्विऊने भलामोठा खजिना देऊ केला. शेवटी ६५५ला विनवेडच्या काठी पुरात पेंडाचीच फौज बुडाली, तलवारीने मेले त्यापेक्षा बुडून जास्त मेले असं बीड सांगतो, आणि पेंडाही गेला. झाला ऑस्विऊ सगळ्यांच्या वर! पण तीनच वर्षांत मर्सियाच्या सरदारांनी पेंडाच्या मुलाला, वुल्फहेअरला, गादीवर बसवून ऑस्विऊची माणसं हाकलली.

तर खंडणी, ओलीस, गरजेला फौज, एवढ्यावर हे टिकायचं आणि राजा पडला की सगळं विस्कटायचं. म्हणून मी 'अधिराज' सुचवेन, म्हणजे इतर राजे आपापल्या गादीवर आहेत पण याच्या वरचष्म्याखाली आहेत. त्या इतरांना 'मांडलिक' चालेल. बोलीभाषेतला लेख असेल तर सरळ 'सगळ्यांत वरचढ राजा' लिहा, काही बिघडत नाही.

फक्त एगबर्टबद्दल लिहिताना मूळ 'ब्रेटवाल्डा' ठेवा, कारण तिथे तो बखरकाराचाच शब्द आहे. एला किंवा रेडवाल्डला त्यांच्या हयातीत कोणी तसं म्हणत होतं याचा पुरावा नाही, त्यामुळे 'ब्रेटवाल्डा रेडवाल्डने आज्ञा केली' असली वाक्यं टाळा. आणि आयर्लंडचे राजे त्याच लेखात येत असतील तर त्यांना हा शब्द अजिबात लावू नका, तिकडे 'री' म्हणजे राजा (आपल्या 'राजा'चाच सख्खा नातलग) आणि 'रुइरी' म्हणजे वरचा राजा अशी वेगळी उतरंड होती, 'रुइरी'ला मात्र अधिराज फिट बसतो.