गुलाबी चॅलेंजरची अनामत देण्याआधी

पत्रे निरनिराळ्या गावांहून येतात, पण त्यांतली जाहिरात बहुधा एकच असते: "१९७० ची डॉज चॅलेंजर, अत्यंत दुर्मीळ मूळ रंग, गिऱ्हाईक रांगेत उभे आहे." रंग कधी गुलाबी असतो, कधी जांभळा. जुन्या अमेरिकी मसल कार (मोठ्या, ताकदवान इंजिनाच्या गाड्या) विकत घेणाऱ्यांसाठी तपासून देणे हा माझा व्यवसाय आहे, आणि हाच गोंधळ दर वर्षी बर्फ वितळले की नव्याने उगवतो. म्हणून काही प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न: जांभळा 'प्लम क्रेझी' रंग दुर्मीळ समजावा का? (एडिसन, न्यू जर्सी)

नाही. रंग देखणा आहे, मागणीही आहे. पण तो त्या काळीही चांगला खपला आणि पुढे मुळात दुसऱ्याच रंगाच्या असलेल्या कितीतरी गाड्या त्याने रंगवल्या गेल्या.

प्रश्न: एका 'पँथर पिंक' चॅलेंजरच्या इंजिनाजवळील पाटीचा फोटो विक्रेत्याने पाठवला आहे आणि तिच्यावर 'एफएम३' हा संकेतांक स्पष्ट दिसतो. म्हणजे रंग मूळचा आहे असे मानून अनामत रक्कम द्यावी का? माझे मित्र म्हणतात की पाटी खोटी असूच शकत नाही. (शिकागो)

आपले मित्र चुकत आहेत, आणि ही चूक इतक्या लोकांना इतकी महाग पडलेली मी पाहिली आहे की येथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

पँथर पिंक हा रंग डॉजने १९७० च्या मॉडेलवर्षात मागाहून, वसंताच्या सुमारास आणला; क्रायस्लरच्याच प्लिमथ विभागाने तोच रंग 'मूलाँ रूज' या नावाने विकला, आणि दोन्हींचा संकेतांक एफएम३ असा एकच होता. अशा भडक रंगांसाठी तेव्हा अवघे चौदा डॉलरच्या आसपास जादा द्यावे लागत. आज त्याच तीन अक्षरांपायी किंमत हजारो डॉलरने चढते, आणि ती अक्षरे ज्या पाटीवर आहेत ती ड्रायव्हरच्या बाजूच्या मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर दोन साध्या स्क्रूंनी बसवलेली असते. पेचकस चालवता येणाऱ्या कोणालाही ती दोन मिनिटांत काढता येते. गंजलेल्या पाट्यांच्या जागी बसवण्यासाठी नवीन पाट्या ठोकून देणारे लोक आहेत, त्यांचा धंदा उघड चालतो, आणि मागाल तो संकेतांक त्या पाटीवर उमटतो. पाटी खोटी असू शकत नाही, हे कोणी कोणाला प्रथम सांगितले देव जाणे.

म्हणून पाटी एकटी वाचू नये. ती खालच्या ओळीपासून वर वाचतात: खाली इंजिन, गिअरबॉक्स आणि गाडीचा कारखान्याने दिलेला ओळख-क्रमांक, तिच्या वरच्या ओळीत रंग, आतील सजावट आणि नियोजित उत्पादनाची तारीख. रंग वसंतात आला असेल आणि तारीख आदल्या सप्टेंबरची असेल, तर विक्रेत्याला पहिला प्रश्न तेथेच विचारावा. पाटीवरील क्रमांक डॅशबोर्डवरील क्रमांकाशी, ड्रायव्हरच्या दाराच्या कडेवरील स्टिकर शिल्लक असल्यास त्याच्याशी, आणि शेवटची आठ अक्षरे रेडिएटरच्या वरच्या आडव्या पट्टीवर व काचेखालील फायरवॉलच्या कडेवर ठोकलेल्या अक्षरांशी जुळली पाहिजेत. त्यानंतर 'ब्रॉडकास्ट शीट' हा कारखान्यातील कामगारांसाठी छापलेला कागद येतो, जो पुष्कळदा मागील सीटच्या स्प्रिंगांत किंवा गालिच्याखाली सापडतो. मात्र एका गाडीत दुसऱ्याच गाडीचा कागद राहून गेल्याचीही उदाहरणे असल्याने त्यावरील क्रमांकही जुळवूनच पाहावा.

आणि कागद-पाट्या संपल्या की पत्र्याकडे वळावे. इंजिनाचा कप्पाही त्या काळी बाहेरच्याच रंगात रंगवलेला असे. डॅशबोर्डखाली, दारांच्या आतील फळ्यांमागे, डिकीच्या रबराखाली, मागील बाजूच्या पॅनेलांच्या पोटात अशा जागा असतात, जेथे पुन्हा रंगवणारा कंटाळतो आणि जुना रंग तसाच राहतो. गेल्या वर्षी माझ्या एका ग्राहकाने फोटोवर विश्वास ठेवून घेतलेल्या गुलाबी गाडीचे मागील पॅनेल मी सोडवले, तेव्हा आत हिरवा रंग होता. पाटीवर अर्थातच एफएम३ होते. त्या गृहस्थांनी मला बोलावले ते पैसे देऊन झाल्यावर.

'९९९' या संकेतांकाबाबतही सावध असावे. तो खास मागणीवरून दिलेल्या रंगासाठी असे, पण तो रंग कोणता हे सांगत नाही, आणि म्हणून विक्रेत्याला हवा तो रंग त्यात भरता येतो. असे दाखले पारखण्यात मुरलेल्या तज्ज्ञाने गाडी प्रत्यक्ष पाहून लेखी अहवाल देईपर्यंत अनामत देऊ नये.

प्रश्न: 'वन ऑफ वन', म्हणजे जगातील एकमेव गाडी, असे जाहिरातीत आहे. हे कसे पडताळावे? (ह्यूस्टन)

विक्रेत्याला विचारावे की एकमेव कशी मोजली. हेमी (क्रायस्लरचे एक ताकदवान इंजिन), चार गिअर, अमुक रेडिओ, तमुक सीट, घड्याळ असे एकेक जोडत गेल्यास कोणतीही गाडी एकमेव ठरते. माझ्या पत्नीची दहा वर्षे जुनी सेडानही ठरेल. प्लिमथच्या १९७० च्या हेमी इंजिनाच्या 'कूडा' गाड्यांपैकी हार्डटॉप (पक्क्या छताच्या) ६५२ आणि कन्व्हर्टिबल (उघडत्या छताच्या) १४ झाल्या, अशी इंजिन आणि बॉडीनुसार मोजदाद सर्वत्र मान्य आहे. परंतु प्रत्येक इंजिनामागे प्रत्येक रंगाच्या किती गाड्या झाल्या याची संपूर्ण नोंद क्रायस्लरच्या त्या वर्षांसाठी उपलब्ध नाही, त्यामुळे रंगानुसार सांगितलेला आकडा हा अंदाज असतो. फोर्डच्या गाड्यांसाठी मार्टी रिपोर्ट आणि पाँटिॲकसाठी पीएचएसचे कागद, असे कारखान्याच्या नोंदींवरून काढलेले दाखले मिळतात. तशी सोय क्रायस्लरच्या या गाड्यांसाठी नाही, आणि ज्या हॅमट्रॅमॅकच्या 'डॉज मेन' कारखान्यात यांतल्या पुष्कळ गाड्या तयार झाल्या तो १९८० मध्येच बंद होऊन पुढे जमीनदोस्त झाला.

प्रश्न: विक्रेता गाडी 'आर/टी', म्हणजे चॅलेंजरची अधिक ताकदीची आवृत्ती, असल्याचे सांगतो, ओळख-क्रमांक मात्र 'जेएच२३' ने सुरू होतो. (सॅन होजे)

मग ती मुळात आर/टी नव्हे. १९७० च्या आर/टी हार्डटॉपचा क्रमांक 'जेएस२३' ने सुरू होतो. पाचवे अक्षर इंजिनाचे असते, तेही पाहून घ्यावे: 'आर' म्हणजे ४२६ घन इंचांचे हेमी, 'व्ही' म्हणजे ४४० सिक्स पॅक (तीन कार्ब्युरेटरचे), 'जी' म्हणजे साधे ३१८.

प्रश्न: गाडीचा रंग आरशासारखा चमकतो आणि वर काळे व्हिनाइलचे छत आहे. विक्रेत्याच्या मते गंजाचा मागमूस नाही. उन्हाळ्यात सवड मिळाल्यावर तपासणी केली तर चालेल का? (अटलांटा)

व्यवहार उन्हाळ्यापर्यंत थांबणार असेल तर चालेल. आधी पैसे देणार असाल तर मुळीच नाही. आरशासारखी चमक हीच नव्या रंगकामाची खूण आहे, कारण कारखान्यातला ॲक्रिलिक एनॅमल असा दिसत नसे. नवा रंग असणे हा गुन्हा नाही, पण त्याखाली किती पुट्टी भरली आहे ते लोहचुंबक किंवा रंगाची जाडी मोजणारे यंत्र फिरवल्याशिवाय कळत नाही. व्हिनाइलखाली पाणी मुरते आणि छताचा पत्रा मागच्या काचेच्या कडेने सडत जातो. या गाड्यांना स्वतंत्र चेसिस नाही, पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे डिकीचा तळ, मागील रेल आणि पुढच्या टॉर्शन बारची (सस्पेन्शनच्या पिळदार दांड्याची) आडवी पट्टी गाडी लिफ्टवर चढवून पाहणे आवश्यक आहे, आणि हे काम विक्रेत्याच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये करू नये.

प्रश्न: माझा भाऊ मिशिगनमध्ये आहे. त्याच्यामार्फत अशी गाडी घेऊन पुण्यात आणता येईल का? (पुणे)

अशक्य नाही, पण गाडी घेण्याआधी कस्टम्स ब्रोकरशी बोलावे, नंतर नव्हे. जुन्या गाड्यांच्या आयातीचे नियम बदलत आले आहेत आणि व्हॉट्सॲपवर फिरणारे नियम बहुधा जुने असतात. आयात शुल्काचा हिशेब लेखी मागून घ्यावा. भारतात पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे असते, नंबरप्लेटवरील क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. स्टिअरिंग डावीकडे असल्याने कायद्याने ठरवलेले इशारादर्शक यंत्र चालू स्थितीत लागते. त्या काळचे रबरी पाइप आणि गॅस्केट इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी बनवलेले नाहीत, तेव्हा टाकी भरण्याआधी मेकॅनिककडून ते बदलून घ्यावेत.

प्रश्न: माझी ३१८ इंजिनाची पांढरी चॅलेंजर आहे. ती गुलाबी रंगवली तर जाणकार हसतील का? (टोरांटो)

हसू देत, गाडी आपली आहे. फक्त जुना रंग खरवडण्याआधी सगळ्या बाजूंचे फोटो काढावेत, पाटीला हात लावू नये, आणि रंगाऱ्याला डिकीच्या आतला एक कोपरा पांढराच ठेवायला सांगावे. गाडी विकताना मूळ रंग पांढरा होता हे विक्रीच्या कागदावर लिहून द्यावे, आणि मजकूर कसा असावा ते वकिलाला विचारून घ्यावे.