आयएसओ, सॉक २, पीसीआय आणि बँकेची यादी: सगळ्यांना पुरेल अशी एकच कंट्रोल-शीट कशी बांधायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरला विजयनगरात पासष्ट माणसांची सॉफ्टवेअर कंपनी. आयएसओ २७००१ (माहिती-सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र) आधीपासून आहे, अमेरिकी ग्राहकाला सॉक २ टाइप २ चा रिपोर्ट (सुरक्षेचे उपाय ठरावीक काळभर खरंच पाळले का, यावर बाहेरच्या ऑडिटरचा अहवाल) हवाय, उत्पादनात कार्ड-पेमेंटचा भाग असल्याने पीसीआय डीएसएस (कार्डाचा डेटा सांभाळण्याचे नियम) लागतं, आणि एक बँक दरवर्षी आपली तीनशे प्रश्नांची यादी पाठवते. चार एक्सेल आणि सांभाळणारे तुम्ही एकटे. शेवटी विचारलंय की प्रत्येक बाबतीत सगळ्यांत कडक नियम उचलला की भागेल का.

नाही भागत. लॉग (यंत्रणेत कोणी काय केलं याच्या नोंदी) जास्त दिवस ठेवणं कडक की लवकर पुसणं कडक, हे कोण विचारतंय त्यावर ठरतं. काही नियम एकमेकांना उलट ओढतात. आणि बहुतेक ठिकाणी नियम जवळपास तोच असतो, फक्त तो कुठल्या मशिनींना आणि कुठल्या माणसांना लागू आहे ते वेगळं असतं.

म्हणून पहिली गोष्ट: स्टँडर्डला स्टँडर्ड जोडत बसू नका. आयएसओ ते पीसीआय, पीसीआय ते सॉक, सॉक ते बँक अशा जोड्या लावायला गेलात तर चार याद्यांच्या सहा जोड्या होतात, पाचवी यादी आली की दहा. मध्ये तुमची स्वतःची कंट्रोलची (म्हणजे तुम्ही पाळत असलेल्या सुरक्षा-उपायांची) यादी ठेवा आणि प्रत्येक स्टँडर्ड फक्त तिला जोडा. तुमच्या आकाराच्या कंपनीत ही यादी शंभर-सव्वाशे ओळींत बसते. चारशेवर गेली तर तुम्ही कंट्रोल लिहीत नसून स्टँडर्डची कलमं उतरवताय असं समजा.

इंटरनेटवर तयार मॅपिंग (कुठलं कलम कुठल्या कलमाशी जुळतं याचे तक्ते) भरपूर मिळतात. सुरुवातीला आधार म्हणून घ्या, पण ‘जुळतं’ हा शेरा त्यांत पोह्यांवर जिरावन मसाला भुरभुरावा तसा सगळीकडे पडलेला असतो. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने २०२४ मध्ये आयआर ८४७७ नावाचा दस्तऐवज काढला, त्यात दोन कलमांमधलं नातं पाच प्रकारांनी नोंदवायला सांगितलंय: दोन्ही सारखी, पहिलं दुसऱ्याच्या पोटात, दुसरं पहिल्याच्या पोटात, अर्धवट एकमेकांत, आणि काहीच संबंध नाही. हे पाच शब्द रकान्यात वापरायला लागलात की अर्धी फसवणूक तिथेच थांबते. लॉगचंच बघा. आयएसओचं ८.१५ हे कलम म्हणतं की लॉग तयार करा, जपा, सांभाळा, तपासा. आकडा एकही नाही. पीसीआयचं १० वं प्रकरण म्हणतं की १२ महिने ठेवा, त्यातले शेवटचे ३ महिने लगेच उघडता आले पाहिजेत, महत्त्वाच्या यंत्रणांचे लॉग रोज तपासा, आणि ती तपासणी यंत्राने व्हावी. म्हणजे आयएसओ पाळलं म्हणून पीसीआय पाळलं गेलं असं होत नाही. उलटही होत नाही, कारण पीसीआय फक्त कार्डाच्या डेटाभोवतालच्या यंत्रणांबद्दल बोलतं आणि आयएसओचा स्कोप, म्हणजे व्याप्ती, तुमची अख्खी कंपनी आहे. हे नातं ‘अर्धवट एकमेकांत’. आणि या पाच प्रकारांतलं अर्धवट नातं पुढे सरकत नाही: अ चं ब शी अर्धवट जुळतं, ब चं क शी अर्धवट जुळतं, यावरून अ आणि क बद्दल काहीच कळत नाही.

म्हणून ओळ लिहिण्याआधी स्कोप. एका पानावर चार रकाने करा आणि प्रत्येक स्टँडर्डखाली कोणते सर्व्हर, कोणती खाती, कोणती ऑफिसं, कोणती माणसं येतात ते लिहा. इथेच पीसीआयचं ओझं कमी करता येतं. कार्डाचा नंबर तुमच्या सर्व्हरवर येऊच देऊ नका, पेमेंट-गेटवेकडून टोकन (नंबराऐवजी वापरायचा बदली कोड) घ्या, आणि कार्डाच्या बाजूचं नेटवर्क खरंच वेगळं करा. ते वेगळं आहे हे दरवर्षी तपासून दाखवावं लागतं, आणि तुम्ही दुसऱ्यांना सेवा देणारे म्हणजे सर्व्हिस प्रोव्हायडर असाल तर दर सहा महिन्यांनी. नेटवर्क सपाट, म्हणजे सगळं एकमेकांना जोडलेलं, असेल तर रिसेप्शनचा लॅपटॉपही पीसीआयमध्ये ओढला जातो.

मग कलमं फोडा. ‘दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं बंद करा आणि निदान तीस मिनिटं बंद ठेवा’ या दोन अटी आहेत, दोन ओळी. प्रत्येक ओळीत पाच गोष्टी वेगळ्या काढा: काय करायचं, कशावर, किती किंवा किती दिवसांनी, कोणी, आणि पुरावा काय. वाद जवळजवळ नेहमी तिसऱ्या गोष्टीवर असतो, चूक दुसऱ्या गोष्टीत होते. स्टँडर्डची आवृत्ती हाही एक रकाना ठेवा. आयएसओच्या २०१३ च्या आवृत्तीत परिशिष्ट अ मध्ये ११४ कंट्रोल होते, २०२२ मध्ये ९३ झाले आणि नंबर सगळे बदलले. जुन्या प्रमाणपत्रांची मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ ला संपली. तरी १२.४.१ असे जुने नंबर असलेल्या शीट अजून फिरताहेत, आणि त्या नव्या शीटमध्ये चिकटवल्या जातात.

एक ओळ पूर्ण उलगडून दाखवतो: कुणाला कशात प्रवेश आहे याची ठरावीक काळाने फेरतपासणी.

आयएसओचं ५.१८ म्हणतं तुमच्या धोरणाप्रमाणे करा, म्हणजे आकडा तुमचाच. पीसीआयचं ७.२.४ म्हणतं निदान सहा महिन्यांतून एकदा. सॉक २ मध्ये निकष आहेत, आकडे नाहीत. कंट्रोल तुम्ही लिहायचा आणि ऑडिटर तुम्ही जे लिहिलंय तेच तपासणार. अमेरिकी ग्राहक बहुधा तिमाहीची अपेक्षा धरतो. इथे ‘सगळ्यांत कडक’ म्हणून सर्व यंत्रणांसाठी ‘दर तिमाहीला’ असं लिहून टाकणं ही नेहमीची चूक आहे. टाइप २ च्या वर्षभरात एक तिमाही हुकली की ती रिपोर्टमध्ये अपवाद म्हणून छापली जाते आणि तो रिपोर्ट तुमचा ग्राहक वाचतो. सहामाही लिहून दोन्ही वेळा वेळेवर केली असती तर रिपोर्ट स्वच्छ आला असता. म्हणून प्रॉडक्शन (ग्राहक वापरतात ती चालू यंत्रणा) आणि कार्डाच्या भागासाठी तिमाही झेपत असेल तरच लिहा, बाकी सगळीकडे सहामाही.

आता सहामाही म्हणजे काय? आयएसओवाल्याला जानेवारीत एक आणि डिसेंबरात एक चालून जाईल. पीसीआयच्या ४.० पासून कालावधीची व्याख्याच दिली आहे: सहा महिने म्हणजे १८० ते १८४ दिवस, किंवा दर सहाव्या महिन्याची ठरलेली तारीख. जानेवारी आणि डिसेंबर केलंत की पीसीआय गेलं. तेव्हा शीटमध्ये ‘सहामाही’ लिहू नका, ‘१० एप्रिल आणि १० ऑक्टोबर’ लिहा.

पुरावाही एकदाच असा गोळा करा की चौघांना पुरेल. यंत्रणेतूनच काढलेली वापरकर्त्यांची यादी, एचआरची नव्हे. ती काढायला वापरलेली क्वेरी, आणि एकूण संख्या व वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट. सॉकचा ऑडिटर यादी पूर्ण आहे कशावरून हे पहिलं विचारतो. प्रत्येक नावासमोर ठेवा किंवा काढा असा निर्णय आणि निर्णय घेणाऱ्याचं नाव. काढलेल्यांची तिकिटं. आणि शेवटी काढल्यानंतर पुन्हा काढलेली यादी. ही शेवटची यादी बहुतेक जण विसरतात. मॅनेजरने नुसतं ‘ओके’ असं उत्तर पाठवलेली मेल पुरावा म्हणून चालत नाही, कारण कशाला ओके ते त्यात नसतं. सर्व्हिस अकाउंट, म्हणजे माणूस नसलेली खाती, यादीतून सुटतात. पीसीआयला तीही हवी असतात, त्यांचा कालावधी तुम्ही जोखीम लिहून ठरवायचा.

उलट ओढणाऱ्या नियमांकडे येऊ. लॉग किती दिवस ठेवायचे? सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे १८० दिवस. पीसीआयला १२ महिने. डीपीडीपी, म्हणजे वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, त्यांतही लॉग एक वर्ष ठेवायला सांगितलंय, अंमल टप्प्याटप्प्याने. तेव्हा एक वर्ष हा आकडा तिघांना पुरतो. पण ‘आणखी सुरक्षित’ म्हणून सात वर्षं करू नका. लॉगमध्ये लोकांची नावं, फोन, ईमेल असतात, आणि वैयक्तिक माहिती कामापुरतीच ठेवायची हे त्याच कायद्याचं म्हणणं आहे. शिवाय लॉगमध्ये चुकून कार्डाचा पूर्ण नंबर उतरला तर लॉगचा सर्व्हरच पीसीआयच्या स्कोपमध्ये येतो. सीव्हीव्ही उतरला तर व्यवहार मंजूर झाल्यावर तो कूटबद्ध करूनही ठेवायला परवानगी नाही. उपाय लॉग लिहितानाच हे आकडे मास्क करणे, म्हणजे झाकणे. नंतर पुसू म्हणालात तर बॅकअपमध्ये राहतोच.

पासवर्ड हा दुसरा जुना वाद. पीसीआय निदान १२ अक्षरं मागतं. दर ९० दिवसांनी बदलायची अट मात्र जिथे नुसत्या पासवर्डवर आत जाता येतं तिथेच आहे. निस्टचं मत उलट: उगाच ठरावीक काळाने बदलायला लावू नका, लोक शेवटचा आकडा वाढवत बसतात. दोघांपैकी एकाची निवड करत बसू नका, सगळीकडे एमएफए (पासवर्डसोबत ओटीपीसारखी दुसरी खूण) लावा, की वादच उरत नाही. बँकेच्या यादीत ‘४५ दिवसांनी बदल’ असं काही असेल तर त्यांच्या माहिती-सुरक्षेवाल्यांना एमएफएचा पुरावा देऊन लेखी सूट मागा. बहुतेक वेळा मिळते. न मिळाल्यास तो नियम फक्त त्यांच्यासाठी चालणाऱ्या यंत्रणांच्या खात्यांना लावा, अख्ख्या कंपनीला नको.

घटना कळवण्याची मुदत हा मात्र खरा ‘सगळ्यांत कडक’ चालणारा विषय, पण एका अटीवर. सर्ट-इनला लक्षात आल्यापासून ६ तासांत. डीपीडीपी नियमांत त्या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाला आणि ज्यांची माहिती आहे त्यांना विनाविलंब, आणि मंडळाला सविस्तर माहिती ७२ तासांत; ही जबाबदारी माहिती कशासाठी वापरायची ते ठरवणाऱ्या संस्थेची, तुम्ही तिच्यासाठी काम करणारे असाल तर तुम्हाला आधी तिला कळवायचंय. रिझर्व्ह बँकेच्या आयटी आउटसोर्सिंगच्या निर्देशांत बँकेने पुरवठादाराच्या लक्षात आल्यापासून ६ तासांत रिझर्व्ह बँकेला कळवायचं आहे, म्हणजे बँकेचं घड्याळ तुमच्याकडे सुरू होतं. म्हणून करारात दोन तास, कधी एक तास घातलेला असतो. मुदतींपेक्षा घड्याळ कधी सुरू झालं हे महत्त्वाचं. तिकिटात ‘प्रथम लक्षात आलं’ हा वेगळा रकाना ठेवा, तिकीट उघडल्याची वेळ त्यात घालू नका. सपोर्टच्या मुलाने रात्री दहाला पाहिलं आणि तुम्ही सकाळी नऊला तिकीट उघडलंत तर अकरा तास आधीच गेलेले असतात.

एक छोटी पण हमखास नडणारी गोष्ट, सीसीटीव्ही. कार्डाच्या डेटाची मशीन ऑफिसात असेल तर तिच्या खोलीत ये-जा कोण करतं याची कॅमेऱ्याची किंवा दाराच्या नोंदींची माहिती पीसीआयला निदान तीन महिने लागते. आठ कॅमेरे, प्रत्येकी दोन एमबीपीएस, म्हणजे रोज साधारण १७३ जीबी. दोन टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते आणि डीव्हीआर मुकाट्याने जुनं पुसतो. आठही कॅमेरे नव्वद दिवस ठेवायचे तर साडेपंधरा टीबी लागेल, पण ते कुणी मागितलेलंच नाही. त्या दाराचे दोनच कॅमेरे वेगळ्या डीव्हीआरवर टाका. नव्वद दिवसांचे ३.९ टीबी होतात, डिस्क सहाची घ्या. घड्याळ एनटीपीला (नेटवर्कवरून अचूक वेळ देणारी सेवा) जोडा, नाहीतर लाइट जाऊन आल्यावर जुन्या डीव्हीआरचं घड्याळ कुठल्या कुठे जातं आणि फुटेज असून उपयोग नाही. सगळं क्लाउडवर असेल आणि ऑफिसात तशी मशीनच नसेल, तर ही ओळ लागू नाही असं कारणासकट लिहा. रिकामी सोडू नका.

बँकेच्या तीनशे प्रश्नांसाठी वेगळं एक्सेल पाळू नका. प्रत्येक प्रश्नासमोर फक्त तुमच्या कंट्रोलचा नंबर आणि गेल्या वेळचं उत्तर ठेवा. पुढच्या वर्षी प्रश्न बदलतात, क्रम बदलतो, पण साठ-सत्तर कंट्रोलांच्या बाहेर ते क्वचित जातात. ज्याला नंबर मिळत नाही तो प्रश्न बाजूला काढा. तिथे एक तर तुमच्या यादीत भोक आहे, नाहीतर बँकेने दुसऱ्याच धंद्यासाठी केलेली यादी तुम्हाला पाठवली आहे, आणि तसं विनम्रपणे लिहिलेलं त्यांना चालतं.

हे सगळं सांभाळणारं तयार टूल घ्यायचं का, असंही विचारलंय. या वर्षी नको. आधी स्कोपचं पान, मग सर्वांत जास्त आकडे असलेल्या पंधरा-वीस ओळी: प्रवेश, लॉग, पॅच, बॅकअप, घटना. त्या एका ऑडिटमधून गेल्यावर मग बघा. चुकीचं मॅपिंग टूलमध्ये घातलं की ते हिरव्या रंगात दिसायला लागतं, आणि मग ते कुणी तपासत नाही.