मांदेली म्हणजे मोठ्या माशांची पिल्लं असतात का? गंगापूर धरणात ती वाढवता येईल का?

पिल्लं अजिबात नव्हेत. मांदेली पूर्ण वाढली तरी वीतभरच होते, फार तर 20 सेंटिमीटर.

माझं माहेर अर्नाळ्याचं, सासर नाशिकचं. लग्नानंतर पहिल्यांदा इथे मांदेली तळली, तेव्हा मोठे दीर ताटावरून उठले. "बाळं खाता तुम्ही लोक," चारचौघांत म्हणाले. त्यातलं 'तुम्ही लोक' जास्त लागलं. पुढच्या खेपेला त्यांना ओट्यापाशी बोलावून मांदेली साफ केली. पोटाशी सोनेरी ठिपक्यांच्या रांगा, शेपटीकडे निमुळतं होत गेलेलं अंग, खालचा पर थेट शेपटीला भिडलेला. सुरमईच्या पिल्लाची ठेवण अशी असते का? मग पोट उघडलं, तर आत गाभोळी! अंड्यांवर आलेली मादी पिल्लू कशी असेल? त्यांनी मान हलवली, पण पाहुणे आले की तेच वाक्य पुन्हा.

आणि हेच दादा तळहातापेक्षा लहान पापलेट 'कोवळी आहेत' म्हणून कौतुकाने आणतात. बाळं ती! पापलेट 2023 मध्ये राज्यमासा झाला, त्याच वर्षी पकडण्यासाठी त्याची किमान लांबी 135 मिलिमीटर ठरली. पाप मोजायचंच तर तिथून मोजा.

मांदेली थव्याने राहते, किनाऱ्याजवळच्या उथळ, गढूळ पाण्यात आणि खाडीच्या तोंडाशी. गुजरात आणि उत्तर महाराष्ट्राचा किनारा तिचं खास घर. जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, आणि त्याहून बारीक जीव खाते, आणि तिला बोंबील खातो. म्हणून आमच्याकडे भरती-ओहोटीच्या ओढीवर लावलेल्या डोलीत, म्हणजे पिशवीसारख्या जाळ्यात, हे तिघे एकत्रच येतात. डोल वर काढली की ढिगात आधी तिचा सोनेरी रंग दिसतो.

धरणाचं म्हणाल तर नाही. गोडं पाणी, ना भरती ना जवळा. तिथे रोहू-कटला वाढवा.

एक मात्र खरं, डोलीचा शेवटचा भाग बारीक विणीचा असतो, त्यामुळे त्या ढिगात इतर माशांची पिल्लंही सापडतात. घेताना ढीग पसरायला लावा आणि सोनेरी पोटाचीच निवडून घ्या. घरी कोणी 'बाळं' म्हणालंच, तर गाभोळीवाली एक उघडून दाखवा, पाहुण्यांसमोरच.