वाचकांचे प्रश्न : रग्बीत कोण कोणाकडून खेळू शकतो?

प्रश्न : आयर्लंडच्या संघात न्यूझीलंडमध्ये जन्मलेले खेळाडू दिसतात. त्यांना आयरिश नागरिकत्व घ्यावे लागते का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नाही. पंधरा जणांच्या रग्बीत पात्रता पासपोर्टवर ठरत नाही. वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक संघटनेच्या आठव्या नियमानुसार खेळाडूचा स्वतःचा जन्म त्या देशातला हवा, किंवा आई-वडील, आजी-आजोबांपैकी एकाचा तरी. तेही नसेल, तर त्या देशाच्या संघटनेकडे सलग ६० महिने नोंदणी हवी, नाहीतर तुटक तुटक मिळून १० वर्षांचे वास्तव्य. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा बंडी आकी २०१४ मध्ये कॉनॉट या आयर्लंडमधल्या संघाकडे आला आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आयर्लंडकडून उतरला, कारण तेव्हा ३६ महिन्यांचे वास्तव्य पुरत असे. क्लबशी केलेल्या तीन वर्षांच्या एका करारातच देश बदलता येई. मुदत वाढली हे योग्यच झाले. आता मधेच दुसऱ्या देशातल्या क्लबकडे नोंदणी केली, की महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

प्रश्न : आजी-आजोबांचे नाते सिद्ध कसे करतात? (एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : तीन पिढ्यांचे जन्मदाखले जोडून. आजीचा दाखला, त्यावरचेच नाव आई किंवा वडिलांच्या दाखल्यात, आणि त्यांचे नाव खेळाडूच्या दाखल्यात. लग्नानंतर नाव बदलले असेल तर विवाहाचा दाखलाही लागतो, आणि साखळी बहुधा तिथेच तुटते. घरच्यांच्या सांगण्यावर विसंबू नये. २००० साली स्कॉटलंडच्या डेव्ह हिल्टनचे आजोबा एडिंबराचे नसून इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे निघाले आणि तो अपात्र ठरला.

कागद तपासण्यात ढिलाई झाली तर शिक्षा अख्ख्या संघाला होते. स्पेनने दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला एक प्रॉप (पहिल्या फळीतला खेळाडू) नेदरलँड्सविरुद्ध दोन सामन्यांत खेळवला. त्याचे वास्तव्य पुरेसे नव्हते. २०२२ मध्ये स्पेनचे १० गुण कापले गेले आणि २०२३ च्या विश्वचषकातली जागा रोमानियाला मिळाली. मैदानावर कमावलेले असे कागदावर जाणे फार लागते.

प्रश्न : एकदा देश निवडला की संपले? (एक वाचक, पुणे)

उत्तर : वरिष्ठ संघाकडून उतरलात की त्या देशाशी बांधले जाता. सेव्हन्सही (सात जणांची रग्बी) धरतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. २०२२ पासून मात्र एकदाच बदल करता येतो : शेवटच्या आंतरराष्ट्रीय सामन्यानंतर ३६ महिने थांबायचे, आणि नव्या देशाशी जन्माचे, आई-वडिलांचे किंवा आजी-आजोबांचे नाते हवे. नुसत्या नोंदणीवर हे जमत नाही. जॅक डेम्प्सी २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाकडून खेळला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये स्कॉटलंडकडून उतरला.

प्रश्न : मुलगा इंग्लंडमध्ये जन्मला, त्याची आजी कोल्हापूरची. त्याला भारताकडून खेळता येईल का? (एक पालक, लेस्टर)

उत्तर : वर्ल्ड रग्बीच्या नियमात तो बसतो. अडचण इथल्या नियमाची आहे. २००८ पासून भारत सरकारच्या धोरणानुसार राष्ट्रीय संघासाठी भारतीय पासपोर्ट लागतो. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) चालत नाही, आणि दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही, म्हणजे ब्रिटिश पासपोर्ट सोडावा लागेल. घाई मात्र नको : इंग्लंडच्या २० वर्षांखालील संघाकडून खेळल्याने आता कोणी बांधला जात नाही.