सांगलीत बंद सूतगिरणीच्या जागेवर चौदा मजली टॉवर आणि शाळा होतेय. तिथे फ्लॅट बुक करावा का?

तुम्ही लिहिलंय की गिरणी बरीच वर्षं बंद होती, आता शेड पाडून तीन टॉवर आणि आवारातच शाळा होणार आहे, आणि सेल्सवाला 'आत्ता बुक केलं तर भाव कमी' म्हणून मागे लागलाय. मी सांगली-मिरजेत वीसेक वर्षं साइट इंजिनिअर आहे. माझे वडील सूतगिरणीत रिंग फ्रेम खात्यात होते, त्यामुळे तो पत्रा आणि ते आवार दोन्ही ओळखीचं.

घ्यायला हरकत नाही, पण ब्रोशर बघून घेऊ नका. चौदा मजल्यांचीही भीती बाळगू नका, तेवढ्या उंचीचं डिझाइन आता सर्रास होतं. तिथे आधी काय काय चालायचं आणि ते सगळं नीट निस्तरलंय का, हे मात्र कसून विचारा.

एका जुन्या कारखान्याच्या जागेवर मी खोदाईला उभा होतो. आधी मशीनची फाउंडेशनं लागली, काँक्रीटचे हे एवढे ठोकळे. ते ब्रेकरनं फोडले. मग एका कोपऱ्यात माती काळीकुट्ट आणि तेलाचा वास. खाली फर्नेस ऑइलची टाकी पुरलेली होती, कुठल्याच नकाशात नव्हती. वरून आदेश आला, "मुरूम टाका आणि पुढे चला." मी भांडलो, थोडी माती उचलली गेली, सगळी नाही. आज तिथे लहान मुलांची बाग आहे. म्हणून सांगतो, नुसता बोअरचा रिपोर्ट मागू नका. तो वजन पेलायची ताकद सांगतो, मातीत काय मुरलंय ते सांगत नाही. बॉयलर, डाय हाउस (सूत रंगवायचं खातं), ट्रान्सफॉर्मर जिथे होते तिथली माती आणि आवारातल्या विहिरीचं पाणी तपासलंय का, ते विचारा. शाळेचं मैदान नेमकं त्यावर येत असेल तर जास्तच. जुने पत्रे ॲस्बेस्टॉसचे असतील तर ते ओले करून, अख्खे उतरवायचे असतात. जेसीबीनं फोडले तर त्याचा चुरा तिथेच मातीत मिसळतो.

आता पाणी. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. जागा पूररेषेच्या कुठल्या बाजूला आहे हे महापालिकेच्या नगररचना विभागात कळतं. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. २००५, २०१९ आणि २०२१ बघितलेल्या माणसानं या हिशोबावर किती भरवसा ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर पाणी येणार नाही, हे खरं. पण मीटर रूम, जनरेटर आणि पाण्याचे पंप तळमजल्यावर किंवा बेसमेंटमध्ये असतील तर लिफ्ट बंद, नळ बंद, आणि आई-वडिलांना घेऊन जिना उतरायचा. हे सगळं किती उंचीवर ठेवलंय, एवढं सेल्सवाल्याला विचाराच. बहुतेकांना सांगता येत नाही.

शाळेबद्दल मला जास्त शंका आहे. ती विकास आराखड्यातलं आरक्षण आहे, नियमानं सोडावी लागणारी सुविधा जागा आहे, की बिल्डरची स्वतःची कल्पना? तिन्हींत फार फरक आहे. पहिल्या दोन मंजूर नकाशावर दिसतात. तिसरी फक्त होर्डिंगवर असू शकते. महारेरात, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात, प्रत्येक फेजची वेगळी नोंदणी होते. तुमचा टॉवर फेज एकमध्ये आणि शाळा फेज तीनमध्ये असेल तर शाळेसाठी अजून कोणीच तारखेनं बांधील नाही. शिवाय बिल्डर इमारत बांधतो, शाळा संस्था चालवते. स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या २०१२ च्या कायद्याप्रमाणे शासनाची परवानगी लागते. तेव्हा संस्था कोणती आणि परवानगी कुठवर आली ते विचारा. जाहिरातीतल्या खोट्या आश्वासनावर भरपाई मागायची सोय रेरा कायद्यात आहे, म्हणून ब्रोशर फेकू नका, जपून ठेवा. पण भरपाई मिळेपर्यंत पोरगं सातवीत गेलेलं असतं.

शाळेला जागा किती, हेही चौरस मीटरमध्ये बघा, नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका. माझे चुलते लालबागच्या गिरणीत होते, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि ते गावी आले ते आलेच. मुंबईत १९९१ च्या नियमानं गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला (सरकारी घरं बांधणारी संस्था) आणि उरलेला मालकाला असं ठरलं होतं. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि हा वाटा फक्त मोकळ्या जमिनीवर मोजायचा ठरला. शेडखालची जमीन हिशोबातून गेली, म्हणजे वाटा कागदावर तोच राहिला आणि जागा आटली. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानंही ते मान्य केलं.

कामगारांची देणी फिटली का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण बघा. बंद कारखान्याची जमीन औद्योगिकमधून निवासी वापराला घेताना कामगार आयुक्तांचं ना हरकत पत्र लागतं. वडिलांची ग्रॅच्युइटी मिळायला सात वर्षं लागली, तेव्हा हे पत्र माझ्या दृष्टीनं नुसती फॉर्मॅलिटी नाही. आणि थकीत देण्यांवर किंवा बँकेच्या कर्जावर दावा चालू असेल तर उद्या तो तुमच्याच डोक्याला ताप.

बाकी नेहमीचं: महारेरा नंबर, टायटल रिपोर्ट (जमिनीची मालकी कोणाची ते), फायरची परवानगी. करारनामा नोंदवण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे द्यायचे नाहीत, कितीही गोड बोलले तरी.

बुकिंगच्या आधी एकदा गिरणीच्या गेटसमोरच्या चहाच्या गाड्यावर जाऊन बसा. २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं ते तो हात वर करून दाखवेल. तिथे गिरणीतला एखादा जुना फिटर चहाला आलेला असतोच. टाकी कुठे पुरलीय, हे त्याला विचारा.