उतरताना दम लागत नाही, मग मांड्या का धरतात?

तुमचं म्हणणं असं की आतकरवाडीतून सिंहगड चढताना जीव निघाला, उतरताना गप्पा मारत आलात आणि दुसऱ्या दिवशी मात्र जिना उतरताना कठडा धरावा लागला. वर एकाने म्हटलंय की हे दुखणं लॅक्टिक ॲसिडमुळे (स्नायू जोरात राबताना तयार होणाऱ्या आम्लामुळे) आहे आणि लिंबूसरबताने जातं, ते आधी निकालात काढू. ते जास्त तयार होतं चढताना, आणि थांबल्यावर तास-दीड तासात रक्तातून जवळपास निघूनही जातं. लिंबूसरबत खुशाल प्या, पण तहान लागली म्हणून.

खरी गंमत उतारावरच्या खर्चात आहे. ७० किलोच्या माणसाने ६०० मीटर चढ चढला की गुरुत्वाकर्षणाविरुद्धचं काम होतं सुमारे ९८ किलोकॅलरी. स्नायू हे काम फार तर २५ टक्के कार्यक्षमतेने करतात, म्हणजे खर्च जवळपास ४०० आणि बाकीची निव्वळ उष्णता. उतरताना तेवढीच ९८ किलोकॅलरी अंगावर येते, ती पायांना जिरवावी लागते. इटलीचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ मार्गारिया यांनी तीव्र उतारासाठी काढलेलं काम आणि खर्च यांचं गुणोत्तर लावलं तर हे जिरवण्याचा खर्च येतो फक्त ८०च्या आसपास!

१९५२ साली ॲबट, बिगलंड आणि रिची या ब्रिटिश संशोधकांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पेडल पुढे मारायचं, दुसऱ्याने उलट्या फिरणाऱ्या पेडलला नुसता विरोध करायचा. पायांवरचा जोर दोघांचा सारखाच, पण विरोध करणाऱ्याला प्राणवायू कितीतरी कमी लागला. लंडनच्या रॉयल सोसायटीत हे करून दाखवलं तेव्हा एका लहानखुऱ्या बाईने धिप्पाड पुरुषाला दमवलं होतं.

हे स्वस्त का पडतं? पायरी उतरताना गुडघा वाकतो, तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू जोर लावत असतो आणि त्याच वेळी लांबत असतो. बाहेरून ताणल्या जाणाऱ्या तंतूला जास्त भार पेलता येतो, आणि त्यातले एकमेकांत अडकून जोर लावणारे रेणूंचे हूक बरेचसे ताणानेच सुटतात. प्रत्येक वेळी एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) मोजावा लागत नाही. त्यामुळे तोच जोर थोडक्या तंतूंवर भागतो. आता तुमच्या दुखण्याचं मूळही इथेच आहे. थोडे तंतू, प्रत्येकावर जादा ताण, वर तो लांबत असताना. त्यांच्या रचनेत बारीक बारीक फाटाफूट होते, मग सूज येते आणि दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं. दम वाचला तो ज्या कारणाने, मांड्या धरल्या त्याही त्याच कारणाने.

कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी, आपण रनिंगवाले जिला टेंडन म्हणतो) मदतीला का येत नाहीत, हेही कुणीतरी विचारलंय. सपाटीवर पळताना येतात, आणि झकास येतात. ब्रिटनमधल्या लीड्स विद्यापीठाच्या अलेक्झांडर यांच्या गटाने १९८७ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार ७० किलोचा माणूस पळताना दर पावलाला टाचेवरची अकिलीस कंडरा सुमारे ३५ जूल आणि तळपायाची कमान १७ जूल साठवते. कंडरेने साठवलेल्यातलं ९० टक्क्यांच्या वर परत मिळतं. पण परत मिळालेली ऊर्जा पुढच्या उडीला उपयोगी, गड उतरताना ती नकोच असते. पाऊल टेकताना बसणारा हिसका कंडरा आधी झेलते, एवढा फायदा होतो. जिरवण्याचं काम शेवटी स्नायूवरच येतं. घाट उतरणाऱ्या ट्रकचे ब्रेक तापतात, तशा मांड्या तापतात.

उपाय म्हणाल तर पावलं लहान टाका, धावत उतरू नका, काठ्या असतील तर वापरा. आणि मोठ्या ट्रेकच्या आठ-पंधरा दिवस आधी एखादी टेकडी उतरून या. चढायला आळस आला तर रिक्षाने वर जा, पण उतरा पायी. अशा एका हलक्या उतरणीनेही पुढच्या वेळचं दुखणं बरंच कमी होतं. स्ट्रेचिंगवर माझा फारसा विश्वास नाही, त्याने या दुखण्यात नाममात्रच फरक पडतो.

एक मात्र गंभीरपणे घ्या. पाय खूप सुजले, किंवा लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर घरगुती उपाय करत बसू नका. स्नायूंतलं प्रथिन मूत्रपिंडापर्यंत पोचल्याची ती खूण असू शकते, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठा.