फुगा लावूनही वजन का घटले?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नववीतील मुलीने 100 मिलिलिटर व्हिनेगर आणि 5 ग्रॅम खाण्याचा सोडा घेऊन, 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या डिजिटल काट्यावर प्रयोग केला. उघड्या बाटलीत तयार झालेला वायू निघून गेल्याने वजन 2.2 ग्रॅमने उतरले, ते अपेक्षितच होते. मात्र बाटलीच्या तोंडाला फुगा घट्ट बसवून वायू अडवला, तरी 1.5 ग्रॅमची घट आलीच. ‘फुगा गळत असणार’ हे शाळेत मिळालेले उत्तर तिला पटलेले नाही आणि द्रव्य अक्षय्यतेचा नियम, म्हणजे रासायनिक बदलात एकूण वस्तुमान घटत-वाढत नाही हा नियम, येथे मोडला का, असे ती विचारते आहे.

नियम मोडलेला नाही, आणि माझ्या मते फुगाही गळलेला नाही. मी स्वतः विज्ञान शिकवत असताना कित्येक वर्षे हेच गळतीचे उत्तर देत असे. मग एका वर्षी एका विद्यार्थ्याने फुगलेला फुगा बाटलीसकट बादलीतल्या पाण्याखाली धरला. एकही बुडबुडा वर आला नाही, आणि मला खडू खाली ठेवून पुन्हा हिशेबाला बसावे लागले.

तो हिशेब असा. सोड्याचे म्हणजे सोडियम बायकार्बोनेटचे रेणुवस्तुमान 84 आणि कार्बन डायऑक्साइडचे 44 आहे, आणि सोड्याच्या एका रेणूमागे या वायूचा एक रेणू सुटतो. त्यामुळे 5 ग्रॅम सोडा पूर्ण संपला तर सुमारे 2.6 ग्रॅम वायू तयार होतो. त्यातला थोडा द्रवातच विरघळून राहतो आणि थोडा बाटलीच्या पोकळीत रेंगाळतो. उघड्या बाटलीत पुरती 2.6 ग्रॅम घट न येता 2.2 ग्रॅमच आली, त्याचे कारण हेच. हा वायू आपल्याकडच्या नेहमीच्या तापमानाला साधारण 1.4 लिटर जागा व्यापतो. फुगा लावल्यावर एवढी जागा फुग्याच्या रूपाने नव्याने व्यापली जाते, म्हणजेच तेवढी बाहेरची हवा बाजूला सारली जाते. एक लिटर हवेचे वस्तुमान सुमारे 1.16 ग्रॅम असते, तेव्हा 1.4 लिटर हवेचे सुमारे 1.6 ग्रॅम होते. पाण्यात बुडालेली वस्तू जशी हलकी लागते, तशीच हवेत असलेली प्रत्येक वस्तू तिने सारलेल्या हवेच्या वजनाइतकी हलकी लागते, आणि काटा तेवढे कमी दाखवतो. मुलीने नोंदवलेला 1.5 हा आकडा या हिशेबाच्या इतका जवळ आहे की तिच्या हाताच्या सफाईचे कौतुकच करायला हवे.

येथे एक शंका हमखास निघते: कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, मग फुगा वर कसा उचलला जाईल? फुगा सोडला तर तो खालीच जाईल, हे खरे आहे. पण प्रश्न तो तरंगतो का हा नसून, काट्याला त्याचे किती वजन जाणवते हा आहे. प्रयोगापूर्वी हेच 2.6 ग्रॅम द्रव्य पावडरीत आणि द्रवात सामावलेले होते. 5 ग्रॅम सोड्याने जेमतेम सव्वादोन मिलिलिटर हवा सारलेली असल्यामुळे काट्यावर ते जवळजवळ पूर्ण उमटत होते. वायूरूपात पसरल्यावर त्यातले साधारण 1 ग्रॅमच उमटते. वस्तुमान बाटलीत आणि फुग्यात तसेच्या तसे आहे. बदलला तो काट्याचा आकडा. काटा वस्तुमान थेट मोजत नाही, तर स्वतःवर पडणारा भार मोजून ग्रॅममध्ये लिहून दाखवतो, आणि पाठ्यपुस्तकात या फरकावर सहसा एखादे वाक्यच येते.

माझ्या शब्दावर विसंबून राहण्याचे कारण नाही, कारण हे घरीच पडताळता येते. रिकामा फुगा काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा, मग त्यात हातपंपाने खोलीतलीच हवा भरून, गाठ मारून पुन्हा ठेवावा. आत दीड-दोन ग्रॅम हवा गेलेली असूनही काटा जवळपास हलत नाही. तोंडाने फुगवू नये, कारण श्वासातली वाफ आकडा बिघडवते.

दुसरा पडताळा अधिक निर्णायक आहे. शीतपेयाची दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्यावी, तेच 100 मिलिलिटर व्हिनेगर ओतावे, 5 ग्रॅम सोडा टिश्यू पेपरच्या पुडीत बांधून आत सोडावा आणि पुडी भिजून सुटण्याआधी झाकण घट्ट फिरवावे. बाटली कडक होईल, पण तिचे आकारमान फारसे वाढणार नाही, म्हणून आकडाही हलणार नाही. नंतर झाकण हळूच सैल केले की फुस्स आवाजाबरोबर आकडा उतरताना दिसेल. आतला दाब बाहेरच्या हवेच्या पावणेदोन पटींपर्यंत जातो. शीतपेयाची बाटली तो सहज सोसते, काचेची बाटली मात्र फुटू शकते. म्हणून काच वापरू नये, सोडा वाढवू नये आणि मोठ्या माणसाने जवळ असावे.

या चकव्याला मोठमोठे शास्त्रज्ञही अडखळले आहेत. रॉबर्ट बॉईलने 1673 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत धातू बंद पात्रात तापवले, पण वजन करण्याआधी पात्र उघडले. आत शिरलेली हवा हिशेबात न आल्यामुळे वाढलेले वजन त्याने आगीच्या कणांच्या नावावर टाकले. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने 1774 मध्ये कथील बंद पात्रात तापवून, पात्र न उघडता वजन केले, तेव्हा फरक आढळला नाही. बर्लिनचा रसायनशास्त्रज्ञ हान्स लँडोल्ट याने तर बंद काचनळ्यांत अभिक्रिया घडवून वर्षानुवर्षे वजने घेतली, आणि सुरुवातीला त्याला बारीकशी घट दिसतही राहिली. 1908 च्या सुमारास उलगडा झाला की अभिक्रियेच्या उष्णतेने काचेवरचा ओलावा उडत होता आणि नळी किंचित फुगून सावकाश पूर्ववत होत होती. म्हणजे आपल्या मुलीच्या फुग्याचाच तो सूक्ष्म अवतार होता.

काहींना येथे आइन्स्टाईन आठवेल, कारण त्याच्या सिद्धांतानुसार ऊर्जा बाहेर पडली की तिच्याबरोबर थोडे वस्तुमानही जाते. पण 16 ग्रॅम मिथेन पूर्ण जळाला, तरी ऊर्जेबरोबर जाणारे वस्तुमान ग्रॅमच्या दहा कोटीव्या भागाएवढे असते. घरचा काटा ते पाहू शकत नाही.

आपण शेवटी विचारलेली बर्फाच्या पेल्याची गोष्ट सोपी आहे. बर्फ वितळताना वजन वाढले, कारण पावसाळी हवेतली वाफ थंड पेल्याच्या बाहेरच्या बाजूवर थेंबांच्या रूपाने जमली. पेला पुसून पुन्हा ठेवावा, किंवा आधीच तोंडासकट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी पुसून मग वजन करावे.

प्रयोगवहीत 1.5 ग्रॅमची नोंद मुलीने खोडू नये. तिच्याखाली फुग्याचा घेर दोऱ्याने मोजून लिहावा, त्यावरून आकारमान काढावे आणि सारलेल्या हवेचा हिशेब शेजारी मांडावा. फुगा अगदी गोल नसतो, त्यामुळे हिशेबात थोडा फरक राहील. तोही तसाच लिहावा.